म्हणणं काय आहे तुमचं?

इंग्रजी परिच्छेदाचं पहिलं वाक्य, म्हणजे ज्याला टॉपिक सेंटेन्स म्हणतात ते, कसं लिहावं हे शिकवणारे आपल्याकडे क्लास आहेत, गाईडं आहेत, यूट्यूबवर पोत्याने व्हिडिओ आहेत. आणि तरीही आपल्या मुलांची ही पहिली वाक्यं वाचवत नाहीत. मुलांचं इंग्रजी कच्चं आहे म्हणून असं होतं, असं सगळे म्हणतात. मला हे साफ नामंजूर आहे. शिकवणारे त्यांना उलटी गोष्ट शिकवतात म्हणून असं होतं.

ओळखीपाळखीतली मुलं त्यांचं इंग्रजी लिखाण मला दाखवायला आणतात. कोणाची आयईएल्टीएसची तयारी चाललेली असते, कोणाला परदेशातल्या विद्यापीठासाठी 'स्टेटमेंट ऑफ पर्पज' लिहायचं असतं, कोणाला साहेबाला रिपोर्ट द्यायचा असतो. (मी इंग्रजीचा प्राध्यापक वगैरे नाही. आयुष्यभर कचेरीत इंग्रजी मसुदे लिहिले आणि तपासले, तेवढंच भांडवल. फुकट आहे म्हणून येतात बिचारी!) त्या कागदांवरची पहिली वाक्यं आता मला तोंडपाठ झाली आहेत. 'इन टुडेज मॉडर्न वर्ल्ड, टेक्नॉलॉजी इज व्हेरी इम्पॉर्टंट.' 'नाऊअडेज, पोल्यूशन इज अ बर्निंग प्रॉब्लेम.' 'देअर आर मेनी ॲडव्हांटेजेस अँड डिसॲडव्हांटेजेस ऑफ मोबाइल फोन्स.'

बघा, यात व्याकरणाची एकही चूक नाही. स्पेलिंगं बरोबर, क्रियापदं जागेवर. पण तिन्ही वाक्यं वाचून तोंडातून एकच शब्द निघतो, 'बरं, मग?' टेक्नॉलॉजी महत्त्वाची आहे. बरं, मग? प्रदूषण हा ज्वलंत प्रश्न आहे. बरं, मग? या वाक्यांना विरोध करणारा माणूस शोधूनही सापडणार नाही, कारण ती काही म्हणतच नाहीत. ती फक्त विषयाची पाटी लावतात.

आता या गोंधळाचं थोडं पाप त्या नावाकडेही जातं. 'टॉपिक सेंटेन्स' म्हटलं की आपण भाषांतर करतो 'विषयवाक्य', आणि मुलं इमानेइतबारे वाक्यात विषय लिहून मोकळी होतात. इतिहास पाहिला तर परिच्छेदाची शिस्त प्रथम नीट नियमांत बसवली ती अलेक्झांडर बेन या स्कॉटिश माणसाने, १८६६ साली. हे गृहस्थ ॲबर्डीन विद्यापीठात तर्कशास्त्र आणि इंग्रजी असे दोन्ही विषय शिकवत. त्यांच्या सहा नियमांपैकी एक असा की परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यातून त्याचा विषय ठळकपणे कळावा, ते वाक्य नुसतं प्रास्ताविक असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे सूट त्यांनी तेव्हाच देऊन ठेवली होती. पुढे १८९० च्या दशकात अमेरिकेत फ्रेड न्यूटन स्कॉट आणि जोसेफ डेनी यांनी परिच्छेदलेखनावर पाठ्यपुस्तक लिहिलं आणि 'टॉपिक सेंटेन्स' हा शब्द वर्गावर्गात रुळायला त्याचा मोठा हातभार लागला. तर्कशास्त्राच्या मास्तरांची ही कल्पना होती. तर्कशास्त्रात नुसत्या विषयाला काडीची किंमत नसते. 'डोंगर' हे विधान होत नाही, 'डोंगरावर आग लागली आहे' हे विधान होतं.

म्हणून मी मुलांना सांगतो की टॉपिक सेंटेन्स हा शब्द काही दिवस विसरा. त्या जागी 'म्हणणं' हा आपला साधा शब्द ठेवा. या परिच्छेदात तुमचं म्हणणं काय आहे? विषय काय आहे ते मला शीर्षकावरून कळलंच आहे.

हे ऐकून मुलं पहिल्यांदा गप्प बसतात. त्या गप्प बसण्याचं कारण फार जुनं आहे आणि त्याचा इंग्रजीशी संबंध नाही. शाळेत आपण निबंध कसे लिहिले ते आठवा. 'विज्ञान : शाप की वरदान?' दीड पान वरदान, दीड पान शाप, आणि शेवटी 'विज्ञान हे शापही आहे आणि वरदानही आहे, ते वापरणाऱ्यावर अवलंबून आहे.' झाले मार्क! आता शीर्षकात चक्क प्रश्नचिन्ह आहे. शाप की वरदान, काहीतरी एक सांग, असं ते विचारतंय. आणि आपण दहा वर्षं सराव कशाचा केला, तर त्या प्रश्नाचं उत्तर न देण्याचा. एखाद्याने पहिल्याच ओळीत 'विज्ञान शापच आहे' असं ठोकून दिलं असतं आणि तीन पानं कारणं दिली असती, तर त्याला 'एकांगी' असा लाल शेरा मिळाला असता. दोन्ही बाजू मांडा, मत सौम्य ठेवा, कोणी बोट ठेवेल असं लिहू नका. हे बाळकडू घेतलेल्या मुलाला मग एक दिवस क्लासवाला सांगतो की पहिल्या वाक्यात मेन आयडिया लिही. तो काय लिहिणार? ज्यावर कोणी बोट ठेवणार नाही तेच लिहिणार. टेक्नॉलॉजी इज व्हेरी इम्पॉर्टंट.

क्लासवाले त्यावर काय उपाय करतात? ते साचा देतात. पहिल्या परिच्छेदाला 'फर्स्ट अँड फोरमोस्ट', दुसऱ्याला 'मोरओव्हर', तिसऱ्याला 'ऑन द अदर हँड', शेवटी 'टू कन्क्लूड'. मधल्या मोकळ्या जागा भरा. हजारो रुपये फी घेऊन ही गाळलेल्या जागा भरण्याची शिकवणी चालते! आयईएल्टीएसच्या मोठ्या निबंधात किमान २५० शब्द आणि साधारण ४० मिनिटं असतात. चार निकषांवर गुण मिळतात आणि चारही निकषांचं वजन सारखं असतं. त्यातला एक निकष लिखाणातल्या सुसंगतीचा आणि सलगपणाचा. ही सुसंगती जोडशब्दांनी येते अशी क्लासची ठाम समजूत आहे. अहो, डबेच रिकामे असतील तर कपलिंग कितीही घट्ट बसवा, गाडीतून उतरणार कोण? आणि तपासणारा माणूस दिवसभर हेच वाचत असतो. 'मोरओव्हर' दिसलं की त्याला साचा ओळखू येत नसेल असं यांना खरंच वाटतं का?

एक उदाहरण सांगतो. जतकडच्या एका मुलीने जलव्यवस्थापनाच्या एमएससाठी निवेदन लिहिलं होतं. क्लासने 'सुधारून' दिलेली प्रत आणि तिचा आधीचा कच्चा खर्डा अशा दोन्ही गोष्टी ती घेऊन आली. सुधारलेल्या प्रतीचं पहिलं वाक्य होतं, 'वॉटर इज लाइफ.' (बरं, मग?) कच्च्या खर्ड्यात मात्र सातव्या-आठव्या ओळीत, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, असा काहीसा मजकूर होता : आमच्या गावात पाऊस पूर्वीइतकाच पडतो, पण दर उन्हाळ्यात बोअर आणखी खोल जाते, आमची टंचाई पावसाची नाही, उपशाची आहे. मी वाचता वाचता थांबलो. पुढे तिने लिहिलंच होतं, वडिलांची बोअर कितीवर लागली होती, चुलत्यांची किती खाली न्यावी लागली, शेजाऱ्याने तिसरी घेतली तेव्हा पहिल्या दोन कशा आटल्या. सगळा परिच्छेद तयार होता. फक्त म्हणणं तळाशी पुरलेलं होतं. क्लासने तेवढं एक वाक्य 'निगेटिव्ह वाटतं' म्हणून काढून टाकलं होतं आणि बाकीचा मजकूर 'वॉटर इज लाइफ'च्या दावणीला बांधला होता! त्या मुलीला इंग्रजी येत नव्हतं असं म्हणायची कोणाची छाती आहे का? तिच्याकडे सांगण्यासारखं होतं आणि तिने ते सांगितलंही होतं. पैसे घेणाऱ्याने ते खोडलं. याचा मला राग येतो, आणि या लेखाचं कारण तेच आहे.

आता दुसऱ्या बाजूचे लोक. हे जरा शिकलेले असतात आणि म्हणून जास्त त्रास देतात. ते म्हणतात की भारतीय मन गोल गोल फिरत मुद्द्यावर येतं, इंग्रजी मन सरळ रेषेत चालतं, तेव्हा 'इंग्रजीत विचार करायला' शिकल्याशिवाय हे जमायचं नाही. या समजुतीमागे रॉबर्ट कॅप्लन या अमेरिकन भाषातज्ज्ञाचा १९६६ चा एक निबंध आहे. त्यात त्यांनी आकृत्या काढल्या होत्या. इंग्रजीची सरळ बाणासारखी रेघ आणि पौर्वात्यांचं भोवऱ्यासारखं वेटोळं. चित्र सोपं असल्यामुळे जगभर पोचलं. पुढे त्यावर भरपूर टीका झाली आणि आपण ते जरा जास्तच ठासून मांडलं होतं हे खुद्द कॅप्लननी मान्य केलं. ते मात्र आपल्याकडे पोचलं नाही. वेटोळं तेवढं राहिलं.

आता आपल्याच घरात काय आहे ते पाहू. न्यायशास्त्रातलं पंचावयव वाक्य घ्या : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. आधी प्रतिज्ञा, की डोंगरावर आग आहे. मग हेतू, कारण तिथे धूर दिसतो. मग उदाहरण, जिथे धूर तिथे आग, जशी स्वयंपाकघरात. मग ते इथे लागू कसं पडतं ते, आणि शेवटी पुन्हा निष्कर्ष. इंग्रजी परिच्छेदाचं याहून चोख वर्णन बेनसाहेबांनाही जमलं नसतं. पंचतंत्र घ्या. तात्पर्य शेवटी येतं असं आपल्याला वाटतं, कारण लहानपणी इसापनीती तशी वाचली. पण पंचतंत्रात पुष्कळदा आधी एक पात्र बोध सांगून टाकतं, अमुक करणाऱ्याची तमक्यासारखी गत होते म्हणून. लगेच दुसरं पात्र विचारतं, 'हे कसं काय?' आणि मग गोष्ट सुरू होते. (यावरून आपल्या पूर्वजांनी टॉपिक सेंटेन्सचा शोध लावला असं कृपया कोणी काढू नका. पुष्पक विमानामागे आधीच बरीच रांग आहे.) माझा मुद्दा एवढाच की आधी म्हणणं आणि मग पुरावा ही चाल कोणा एका भाषेच्या मालकीची नाही.

आणि ग्रंथ कशाला, कट्ट्यावर जा. चहाच्या टपरीवर एक पोरगा म्हणतो, '२०११ च्या फायनलला धोनी युवराजच्या आधी आला ना, तिथेच मॅच फिरली.' दुसरा म्हणतो, 'कशावरून?' मग पहिला सांगतो. मुरलीधरन बोलिंग टाकत होता, चेन्नईच्या टीममध्ये धोनीने त्याला नेटमध्ये खेळलेलं होतं. समोर गंभीर डावखुरा, त्यामुळे उजव्या-डाव्या जोडीने बोलर्सची लाइन बिघडणार होती. हा परिच्छेद आहे! पहिल्या वाक्यात म्हणणं, त्याखाली कारणं, आणि वानखेडेवर त्या दिवशी सचिन किती लवकर आउट झाला याची रडारड नाही, कारण ती या म्हणण्यात बसत नाही. हाच पोरगा परीक्षेत बसला की 'क्रिकेट इज अ व्हेरी पॉप्युलर गेम इन इंडिया' असं लिहितो. त्याला इंग्रजीत विचार करायला शिकवायची गरज नाही. कट्ट्यावर मराठीत करतो तोच विचार कागदावर करायची परवानगी त्याला द्या.

तिसरे लोक आणखी वरचे. ते १९७४ चा रिचर्ड ब्रॅडक यांचा अभ्यास तोंडावर फेकतात. ब्रॅडकनी अमेरिकन मासिकांतल्या नामवंत लेखकांचे २५ निबंध तपासले आणि त्यांना आढळलं की जेमतेम १३ टक्के परिच्छेद टॉपिक सेंटेन्सने सुरू होतात. मग काय, थोर लेखकच पाळत नाहीत तर मुलांच्या डोक्यावर हा नियम कशाला? आकडा खरा आहे, मी नाकारत नाही. सगळे परिच्छेद असेच लिहिले पाहिजेत असं सांगणाऱ्या गुरुजींना तो ऐकवलाही पाहिजे. पण त्याच ब्रॅडकनी हेही लिहून ठेवलंय की या निबंधांत अधिक स्पष्ट टॉपिक सेंटेन्स असती तर ते पुष्कळ ठिकाणी वाचायला सोपे गेले असते. शिवाय फरक बघा. मासिकातला लेख वाचणारा माणूस पैसे देऊन, आरामखुर्चीत बसून, लेखकाचं नाव बघून वाचतो. लेखक चार वाक्यं भटकला तरी तो मागे जातो. जतच्या मुलीच्या मागे असा कोण जाणार आहे? समोर अर्जांचा गठ्ठा आहे आणि वाचणाऱ्याकडे काही मिनिटं. ज्याचं नाव अजून झालेलं नाही त्याला पहिल्या वाक्यातच उभं राहावं लागतं. ज्यांना पोहता येतं त्यांनी काठावरून 'टायर कशाला हवा' म्हणण्यात काय मोठेपणा?

तेव्हा नुसती टीका करून थांबत नाही. मी मुलांना जे सांगतो ते सरळ लिहितो.

पहिलं, वाक्य लिहून झालं की समोरचा काय म्हणेल ते बघा. 'बरं, मग?' म्हणाला तर खोडा. 'कशावरून?' किंवा 'हे कसं काय?' म्हणाला तर ठेवा. पुढच्या सगळ्या ओळी त्या 'कशावरून'चं उत्तर असल्या पाहिजेत. एखादी ओळ कितीही सुंदर असली तरी उत्तर देत नसेल तर ती दुसऱ्या परिच्छेदात जाईल नाहीतर टोपलीत.

दुसरं, माप बघा. 'पुण्यातली वाहतूक बिघडली आहे' हे एका परिच्छेदाचं म्हणणं नाही, त्यावर ग्रंथ होईल. 'माझ्या गल्लीत तीन सायकली आहेत' यावर पुढे काही लिहिण्यासारखं उरत नाही. 'पुण्यातली सायकल पेट्रोलच्या गाडीने घालवली त्यापेक्षा जास्त रस्त्याच्या आखणीने घालवली' हे मापात बसतं. कोणीतरी नक्की भांडायला येईल, आणि आठ-दहा ओळींत त्याला उत्तर देता येईल. आखणी कशी, चौक कसे, उड्डाणपुलावर सायकलवाल्याने जायचं कसं. यात आजोबांच्या ॲटलस सायकलच्या आठवणी येणार नाहीत, कितीही मोह झाला तरी.

तिसरं, आणि हे सगळ्यात उपयोगी. पहिलं वाक्य पहिल्यांदा लिहायचा हट्ट धरू नका. कच्चा खर्डा मनात येईल तसा मराठीत लिहा नाहीतर मोडक्या इंग्रजीत. मग त्याचं शेवटचं वाक्य बघा. बहुतेक वेळा तुमचं म्हणणं तिथे सापडेल, कारण लिहिता लिहिताच ते तुम्हाला कळलेलं असतं. ते उचला आणि वर आणून ठेवा. शेवटची जागा रिकामी राहिली तर राहू द्या. तिथे 'देअरफोर वी शुड ऑल' घालू नका.

चौथं, सगळं झालं की फक्त परिच्छेदांची पहिली वाक्यं ओळीने एका कागदावर उतरवा आणि ती कोणाला तरी वाचून दाखवा. तेवढ्यावरून त्याला तुमचा युक्तिवाद कळला तर निबंध उभा आहे. एकाही वाक्यावर त्याने मान हलवून 'नाही पटत' म्हटलं नाही, तर जरा काळजी करा.

या सगळ्यात व्याकरण कुठेच आलं नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. व्याकरण लागतंच, पण ते सहा महिन्यांत सुधारतं, तपासायला यंत्रंही आहेत. आता तर चॅटजीपीटीला सांगितलं की तो निर्दोष इंग्रजीत 'इन टुडेज मॉडर्न वर्ल्ड' लिहून देतो, क्लासपेक्षा स्वस्तात! म्हणजे साचा विकणाऱ्यांचं दुकान तसंही बसणारच आहे. पण बोअर वर्षागणिक कशी खोल गेली हे त्या यंत्राला माहीत नाही. ते जतच्या मुलीला माहीत आहे, आणि ते पहिल्या ओळीत लिहायचं की सातव्या ओळीत लपवायचं हेही तिनेच ठरवायचं आहे.

असो. बरंच लांबलं. तुमच्या घरात कोणी असे निबंध लिहीत असेल तर त्याला आज एकच प्रश्न विचारून बघा : म्हणणं काय आहे तुझं? तो गप्प बसला तर घाई करू नका. चहा टाका, थोडा वेळ द्या. आणि तो जे पहिलं वाक्य बोलेल, ते त्याला मराठीत का होईना, आहे तसं लिहून ठेवायला सांगा. इंग्रजी नंतर करता येईल.